इगोरची फाईल

"हे लाल झालं गं," आई म्हणाली.

"काय लाल झालं?"

"हे उजवीकडचं. मघाशी हिरवं होतं, आता लाल झालंय. नाही, परत हिरवं झालं. बघ की जरा!"

"मी रस्ता बघतेय, आई. आकडा सांग, आकडा!"

"कसा सांगू? चष्मा कपाळावर गेलाय माझा!"

गगनबावड्याचा रस्ता, रविवारची सकाळ, गाडी तिसऱ्या गियरमध्ये आणि माझा उजवा पाय पार तळाला टेकलेला. शेजारी आई. तिच्या मांडीवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपमधून निघालेली वायर स्टिअरिंगच्या खाली खोचलेली. ती साडीत गुंतू नये म्हणून आईनं गुडघ्याखाली दाबून धरली होती, जणू सापाचं शेपूट धरलंय. तोंडानं रामरक्षा चालू होती आणि मधूनमधून हिरवं-लाल.

हे सगळं इगोरसाठी चाललं होतं. इगोरला लॉग हवा होता.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा कोल्हापुरात एका फाउंड्रीच्या ऑफिसात नोकरीला होते आणि नोकरी लागल्या लागल्या मी एक लाल, सेकंडहँड, छोटी टर्बो गाडी घेतली होती. बेळगावच्या एका दंतवैद्याची होती ती. त्यानं तिला हौसेनं भला मोठा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, बसवला, रुंद सायलेन्सर लावला आणि पुढचं काही करायच्या आत त्याच्या बायकोनं गाडी विकायला लावली. त्यामुळे गाडीची छाती पैलवानाची झाली होती, पण मेंदू कारकुनाचाच राहिला होता. इंजिनात किती हवा आली की किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे ठरवणारी एक फाईल गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असते. ती जुन्या, लहान टर्बोचीच होती. पाय दाबला की गाडी खोकायची, मग उधळायची, मग परत खोकायची. सिग्नलला शेजारचे रिक्षावाले डोकं बाहेर काढून "औषध द्या की तिला" म्हणायचे.

आईला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. माझ्या लग्नाचं बघायला तिनं सुरुवात केली होती आणि तिच्या मते दारात उभी असलेली ती गाडी बघूनच स्थळं फाटकावरून परत जात होती. शेवटी आमच्यात तह झाला. गाडी दिवाळीपर्यंत नीट झाली, तर ठेवायची. इंजिन बसलं, तर गाडी भंगारात आणि मी बोहल्यावर. बाबांनी या तहात पडायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांना दोन्ही बाजूंची सारखीच भीती होती.

फाईल बदलून घ्यायचे मार्ग दोन होते. एक, पुण्याला डायनोवर न्यायचं. डायनो म्हणजे जमिनीतले रोलर. त्यावर गाडी चढवून पट्ट्यांनी बांधून टाकायची आणि जागच्या जागी पळवायची. इंजिनात किती ताकद आहे ते यंत्र सांगतं, आणि तिथलाच माणूस बघत बघत फाईल सुधारतो. दुसरा मार्ग मेलचा. आपली फाईल काढून दूरच्या कुणा तज्ज्ञाला पाठवायची. तो बदलून परत पाठवणार, आपण ती गाडीत भरून रस्त्यावर पळवायची, सगळे आकडे लॅपटॉपवर टिपून तो लॉग त्याला पाठवायचा, की तो पुन्हा सुधारणार.

मी आधी पुण्याला फोन केला. डायनोचे मालक होते मुळ्ये.

"मेलवर ट्यूनिंग?" मुळ्ये म्हणाले. "बाई, टपालानं कुणी ईसीजी काढतं का?"

"नाही, म्हणून तर तुम्हाला फोन केला. कधी आणू गाडी?"

"तीन महिन्यांनी फोन करा. मग कधी आणायची ते सांगू."

"मग फोनवरच सांगाल का, तोवर गाडी चालवताना काय काळजी घेऊ?"

"फोनवर सल्ला देत नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

उरला क्लब. आमचा करवीर बूस्ट क्लब दर शनिवारी संध्याकाळी एका सोडा पबच्या समोर भरायचा. क्लबची घटना एका वाक्याची होती: ज्याच्या गाडीची ताकद जास्त, तो अध्यक्ष. अध्यक्ष होता रणधीर इंगवले. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, रुंद खांदे, गळ्यात चेन, आणि मन एकदम उदार. कुणाची गाडी बंद पडली तर कापशीपर्यंत दोर घेऊन जाणारा माणूस. त्याच्या गाडीची ताकद होती दोनशे चाळीस घोडे. हे कुणी मोजलं होतं असं नाही. पण त्यानं स्वतः सांगितलं होतं, आणि रणधीरदादाला खोटं कोण पाडणार? त्याच्या खालोखाल दोनशे वीसवाले, दोनशेवाले, अशी उतरंड होती. कुणाचाच आकडा मोजलेला नव्हता, त्यामुळे क्लबात कधी भांडण झालं नव्हतं.

मी माझा प्रश्न मांडला.

"डायनो?" रणधीरदादा हसला. "नेत्रा, डायनो म्हणजे जिममधल्या पट्ट्यावर पळणं. तालमीतल्या माणसानं रस्त्यावर पळावं. तू इगोरला मेल टाक. माझ्या गाडीत त्याचीच फाईल आहे."

इगोर! नुसतं नाव निघाल्यावर सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले. इंटरनेटवर मोटारवाल्यांच्या एका फोरमवर इगोर होता आणि त्याच्या फायलींची ख्याती होती. तो फारसं बोलत नसे. फोटो नाही, फोन नाही, फक्त मेल.

"कुठला आहे तो?" मी विचारलं.

"लॅटव्हिया," रणधीरदादा म्हणाला. "दुबईला एका शोमध्ये भेटलोय मी. साडेसहा फूट उंच. निळे डोळे. हात मिळवला तर पंजा दुखला माझा."

"पण मेलच्या पत्त्यात इगोरच्या पुढं आणखी एक ई आहे."

"तो सायलेंट असतो," रणधीरदादा म्हणाला. "तिकडची पद्धत आहे."

मी मेल टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'गुड कार. सेंड फाईल.' फाईल पाठवली, तशी बदललेली आली आणि खाली तीन शब्द: 'ड्राइव्ह. सेंड लॉग.'

क्लबात मी ते मेल दाखवले. "बघा," रणधीरदादा म्हणाला, "युरोपातला माणूस एक शब्द फुकट घालवत नाही. आपल्याकडं असता तर आधी तब्येत विचारली असती."

आता गाडी चालवायची आणि त्याच वेळी लॅपटॉप बघायचा, म्हणजे शेजारी कुणीतरी हवं. क्लबातले झाडून सगळे यायला तयार होते. आई म्हणाली, "हायवेवर परक्या पोरांबरोबर जायचं नाही. मी येते." तिला आत कुठंतरी आशा होती की इंजिन तिच्या डोळ्यांदेखत बसेल. मग साक्षीला दुसरं कुणी लागणार नव्हतं.

अशी ती पहिल्या रविवारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली आणि हिरव्याचं लाल झालं.

लाल म्हणजे इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटत होतं. तसं चालू राहिलं तर पिस्टन वितळतो, एवढं मला ठाऊक होतं. मी पाय उचलला, गाडी कडेला घेतली आणि तिथूनच लॉग पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: 'स्टॉप. बॅड पेट्रोल. नो फुल गॅस.'

मी रणधीरदादाला फोन केला. "अगं, तो घाबरट आहे," तो म्हणाला. "थंड देशातली माणसं. आपल्या गाड्यांना आपली सवय असते. तू बिनधास्त दाब. पुढच्या रविवारी सगळे आंबोलीला चाललोय, चल तू पण. घाटात गाडी मोकळी होईल."

मी मोबाईल हातात घेऊन बसले. एकीकडे समोर दिसणारा, दोर घेऊन धावून येणारा माणूस. दुसरीकडे कधी न पाहिलेल्या माणसाचे सहा शब्द.

आई भाजी निवडत होती. "काय म्हणतोय तुझा इगोर?"

"थांब म्हणतोय."

"आणि रणधीर?"

"दाब म्हणतोय."

आईनं थोडा विचार केला. खरं तर तिनं 'दाब' म्हणायला हवं होतं. इंजिन बसणं तिच्या फायद्याचं होतं. पण ती म्हणाली, "ज्यानं आकडे बघितलेत, त्याचं ऐक. रणधीरनं कुठं बघितलेत?"

आंबोलीला गेले नाही. टाकी रिकामी करून दुसरीकडचं पेट्रोल भरलं. नवी फाईल आली. पुन्हा रविवार, पुन्हा गगनबावड्याचा रस्ता. या वेळी आईनं चष्म्याला दोरी बांधली होती आणि साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला होता.

"तयार?" मी विचारलं.

"थांब, टेम्पो जाऊ दे पुढं. आता रस्ता मोकळा आहे. हं!"

गाडी खोकली नाही. सरळ एका दमात उठली, आणि आई सीटला चिकटली. रामरक्षा अर्ध्या ओळीवर थांबली. मग मी पाय उचलला.

"हिरवंच राहिलं का?" मी विचारलं.

"हिरवंच," आई म्हणाली. मग खिडकीतून बाहेर उसाकडं बघत म्हणाली, "नीट टिपलं गेलं नसेल तर परत एकदा करायचं का?"

नीट टिपलं गेलं होतं. तरी आम्ही परत एकदा केलं.

पुढच्या मेलमध्ये इगोरनं इंजिनाच्या आवाजाचा व्हिडिओ मागितला. आईनं मोबाईल डॅशबोर्डपाशी धरला. अर्ध्या वाटेत एक म्हैस उसातून रस्त्यावर आली, आई ओरडली, मी ब्रेक दाबला, म्हैस आमच्याकडं शांतपणे बघून निघून गेली. व्हिडिओ दुसऱ्यांदा काढायला वेळ नव्हता, आईला कुणाच्या तरी बारशाला जायचं होतं. तसाच पाठवून दिला.

उत्तर आलं: 'साउंड ओके. टेल आई होल्ड फोन स्ट्रेट. म्हैस व्हेरी क्लोज.'

मी ते वाचलं. मग आईला वाचून दाखवलं.

"किती काळजी आहे बघ त्याला," आई म्हणाली.

"आई, लॅटव्हियात म्हशीला म्हैस म्हणतात?"

आई शेंगा सोलायची थांबली.

मी पहिल्यांदाच मराठीत मेल लिहिला: तुम्ही कुठले?

एका शब्दात उत्तर आलं: कऱ्हाड.

पुढच्या शनिवारी आम्ही मायलेकी कऱ्हाडला गेलो. दारावर पाटी होती: ई. ग. गोरे. ईश्वर गणपत गोरे. इंग्रजीत पहिल्या अक्षराला ते आय लिहीत, म्हणून मेलचा पत्ता आयगोरे. क्लबनं त्याचा इगोर केला आणि शेवटचा ई गिळून टाकला. दार उघडलं ते माझ्या खांद्याएवढ्या उंचीच्या, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घातलेल्या गृहस्थांनी. कॉलेजात गणित शिकवत होते. डोळे निळे नव्हते, चष्म्यामागं बारीक आणि वैतागलेले होते.

"तुम्ही इगोर?" आईनं विचारलं. तिची फारच निराशा झाली होती.

"मी कधी म्हणालो इगोर आहे म्हणून? लोकच म्हणाले. मी म्हटलं, म्हणू दे."

"पण इंग्रजीत असं तुटक का लिहिता?" मी विचारलं.

"इंग्रजी कच्चं आहे माझं. लांब लिहिलं की चुका होतात."

चहा झाला. गोरे मोटारींबद्दल बोलायला लागले की आकड्यांत बोलत. त्यांच्या भिंतीवर एकाही गाडीचं चित्र नव्हतं आणि दारात सायकलसुद्धा नव्हती.

"तुमची गाडी कुठंय?" आईनं विचारलं.

"मला गाडी लागते," ते म्हणाले. "साताऱ्यापर्यंत जायचं तर पिशवी घेऊन जावं लागतं."

"मग गाड्यांमधलं कळतं कसं तुम्हाला?"

"काकू, गाडीत बसलं की पोट ढवळतं. आकड्यांनी ढवळत नाही. आणि माणूस समोर आला की तो ताकद किती वाढली तेवढं विचारतो. इंजिन कसं आहे, हे कुणी विचारत नाही. मेलवर निदान इंजिनाचं म्हणणं कळतं." त्यांनी चष्मा पुसला. "आता ते तुमच्या क्लबचे इंगवले."

"रणधीरदादा? त्याला तुमच्याच फायलीनं दोनशे चाळीसची ताकद मिळाली ना?"

गोरे पहिल्यांदा हसले. हसू आवरेना म्हणून उठून खिडकीपाशी गेले.

"त्यांना मी लॉग मागितला. नाही पाठवला. परत मागितला. म्हणाले, लॉगबिग नको, डायरेक्ट पॉवर पाठवा. न बघता मी काय बदलणार? पैसे घेतले नाहीत आणि त्यांची मूळ फाईल होती तशी परत पाठवून दिली. वर स्वच्छ लिहिलं, नो लॉग, ओरिजिनल फाईल अटॅच्ड."

"मग?"

"त्यांचं उत्तर आलं, 'अनबिलिव्हेबल पॉवर. थँक यू सर.' तेव्हापासून दर दिवाळीला शुभेच्छा पाठवतात."

निरोप घेताना गोरे दारापर्यंत आले. "एक विनंती आहे. मी कऱ्हाडचा आहे हे तिकडं सांगू नका. एक तर रविवारी दारात गाड्यांची रांग लागेल. आणि दुसरं म्हणजे, कऱ्हाडच्या माणसाची फाईल कोल्हापुरात कोण घालून घेईल?"

आईनं शब्द दिला. शेवटची फाईल त्याच आठवड्यात आली. गाडी इतकी शहाणी झाली की रिक्षावाले बघायचेसुद्धा बंद झाले.

आणि नेमक्या त्याच वेळी क्लबला दुर्बुद्धी सुचली. वर्धापनदिनाला काहीतरी भव्य करायचं म्हणून कुणीतरी पुण्याच्या मुळ्यांना बोलावलं. त्यांच्याकडं ट्रेलरवरचा फिरता डायनो होता. मैदानात मंडप, पताका, ढोल, आणि मधोमध ते यंत्र. आदल्या शनिवारपर्यंत जे सगळे दोनशेच्या वर होते, त्यांच्यातले निम्मे त्या दिवशी एकाएकी बाहेरगावी गेले. कुणाची आत्या आजारी, कुणाचा क्लच. उरलेल्यांनी गाड्या रोलरवर चढवल्या आणि उतरल्यावर पुण्याची हवा वेगळी, यंत्रच जुनं, अशी एकमेकांची समजूत काढत राहिले.

रणधीरदादा मात्र निवांत होता. सकाळी तो मला ट्रेलरच्या मागं मुळ्यांबरोबर चहा घेताना दिसला होता. मुळ्ये विचारत होते, "किती टाकू?" आणि मला वाटलं, साखरेचं विचारतायत.

अध्यक्षांची गाडी चढली. पट्टे आवळले, ढोल थांबले, इंजिन किंचाळलं, आणि मोठ्या पडद्यावर आकडा आला: २४१. मैदान उसळलं. रणधीरदादानं नम्रपणे हात जोडले. "एक घोडा जास्तच निघाला," तो म्हणाला. मला गोऱ्यांचं खिडकीपाशी जाणं आठवलं, आणि साखरेचा अर्थ लागला. त्या यंत्रात हवेच्या उष्णतेसाठी, उंचीसाठी आकडा थोडा वर-खाली करायची सोय असते. मुळ्यांनी ती सोय सढळ हातानं वापरली होती. गाडी तीच, कंपनीतून आली तशी, ताकदीला त्या आकड्याच्या जेमतेम निम्मी.

माझा नंबर शेवटचा होता. मी मुळ्यांना काही सांगितलं नव्हतं, आणि मुळ्ये जेवायच्या घाईत होते. गाडी चढली. आई मंडपात पहिल्या रांगेत बसली होती. इंजिन कसं एका सुरात चढत गेलं ते मी आत बसून ऐकलं. मी काच खाली केली.

पडद्यावर आकडा होता: २९८.

मुळ्ये पडद्याकडं बघत होते. मग त्यांनी हळूच कीबोर्डकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. अध्यक्षांसाठी वाढवलेली सोय खाली आणायची राहून गेली होती. त्यांनी रणधीरदादाकडं बघितलं. रणधीरदादानं त्यांच्याकडं बघितलं. हा आकडा खोटा आहे असं म्हणायला त्या मैदानात फक्त ते दोघं समर्थ होते, आणि तेच दोघं म्हणू शकत नव्हते.

आई उठली, पर्स सावरत यंत्रापाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, हा आकडा खरा का?"

मुळ्यांनी कीबोर्डवरचा हात मागं घेतला. "यंत्र," ते म्हणाले, "यंत्र कधी खोटं बोलत नाही, काकू."

"मग मघाचाही खराच म्हणायचा."

"दोन्ही खरे."

पहिली टाळी रणधीरदादानं वाजवली. ती टाळी वाजवताना त्याचा चेहरा मी पाहिला. त्यात राग नव्हता. भर लग्नात धोतर सुटल्यावर माणूस जसा हसतो, तसं ते हसू होतं. मग ढोल सुरू झाले, आणि घटनेतल्या एकमेव कलमानुसार मी करवीर बूस्ट क्लबची अध्यक्ष झाले.

माझ्या हातात माईक दिला. खरं सांगायचं ओठांवर आलं होतं. माझी गाडी २९८ ची नाही, त्याच्या जेमतेम निम्मी असेल, पण ती आता छान चालते. एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यातून रणधीरदादाचा आकडा कुणीही पोरसोर काढू शकलं असतं. मी म्हटलं, "गाडी नीट झालीय. मला एवढंच हवं होतं." लोकांना तो विनय वाटला. आणखी टाळ्या पडल्या.

त्यानंतर गाडी विकायचा विषय आईनं काढला नाही. स्थळं मात्र धडाधड यायला लागली. एका मुलानं पत्रिकेच्या आधी गाडीचा टॉर्क विचारला. आईनं त्याला चहासुद्धा दिला नाही.

पंधरा-वीस दिवसांनी, कामाच्या दिवशी सकाळी, रणधीरदादा घरी आला. एकटाच. चेन शर्टाच्या आत होती. आईनं पोहे दिले. त्यानं ते खाल्ले, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "नेत्रा, तुझा खरा आकडा किती गं?"

"माहीत नाही, दादा. मोजलाच नाही कुणी."

"आणि माझा?"

मी त्याची रिकामी बशी उचलली. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मला कळतं गं," रणधीरदादा म्हणाला. "कळत नाही असं नाही. दोनशे चाळीसची गाडी पन्हाळ्याच्या चढाला अशी धापा टाकत नाही. बायको बाजूला असली की मी मुद्दाम गाणं मोठ्यानं लावतो, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. पण आता लोकांना काय सांगू? इगोरला तरी काय तोंड दाखवू? लॉग पाठव म्हणून तो मागं लागला होता, मी ऐकलं नाही."

"का नाही पाठवलास?"

"भीती वाटली. लॉगमध्ये सगळं दिसतं म्हणे."

आई उठली. आतून चष्म्याची दोरी घेऊन आली आणि चपला घालायला लागली. "चल," ती म्हणाली. "गाडी काढ. नेत्रा, तू मागं बस. वायर नीट लाव, मागच्या वेळी सैल राहिली होती."

गगनबावड्याच्या रस्त्यावर त्या सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवरून ते बघितलं. रणधीर इंगवले, सबंध जिल्ह्यात ज्याच्या पायाचा धाक होता, तो स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसला होता, आणि आई त्याला दरडावत होती. "अर्धा नको! पूर्ण दाब! घाबरतोस काय? हिरवं आहे! दाब!"

"काकू, ट्रक—"

"ट्रक लांब आहे. मी बघतेय ना?"

त्यानं आयुष्यातला पहिला लॉग पाठवला. सोबत इंग्रजीत माफीचं एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. ते मी खोडून काढलं आणि नुसतं 'सॉरी सर' ठेवलं.

उत्तर आलं: 'गुड कार. हेल्दी इंजिन. एअर पाईप लीक नियर टर्बो. चेंज. देन वी बिगिन.'

रणधीरदादानं बॉनेट उघडलं. टर्बोपाशी रबराच्या पाईपला खरंच बोटभर चीर होती. बाहेरून दिसतसुद्धा नव्हती. पाईप बदलला आणि तो गाडी घेऊन पन्हाळ्याला जाऊन आला. तिथून सरळ आमच्या घरी आला. गाणं बंद होतं, काचा खाली होत्या, आणि डोळे चक्क भरून आले होते.

"चढली!" तो दारातूनच ओरडला. "काकू, तिसऱ्यात चढली! आकडा गेला खड्ड्यात, गाडी चढली!"

आई अंगणात पापड वाळत घालत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मला एक सांगा काकू, आपल्याकडं एवढे मेकॅनिक. मी सगळ्यांना दाखवली गाडी. एकाला ती चीर दिसली नाही. आणि तो माणूस सातासमुद्रापलीकडं बसून, गाडीला हातसुद्धा न लावता सांगतो, पाईप फाटलाय म्हणून! मी उगाच म्हणत नव्हतो. परदेशी डोकं ते परदेशी डोकं."

मी दारात उभी होते. मी आईकडं बघितलं. आईनं हातातला पापड नीट पसरला, कडा सरळ केल्या आणि गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली.

"खरं आहे बाबा," ती म्हणाली. "शेवटी गोरे ते गोरेच."